डाव्या स्पीकरमधला श्वास

"ही तिसरी जोडी नेऊ नकोस, पोरी," हामासाकी आजी म्हणाल्या होत्या. "घरात लेकरू आहे ना तुझ्या? या दोन ने. त्यातली एक पसंत पडेलच."

मिहोकोने हसून मान डोलावली होती आणि व्हॉल्व्हच्या तिन्ही जोड्या पिशवीत टाकल्या होत्या. ओसाकाच्या निप्पोनबाशी बाजारातली जुनी दुकानदार मंडळी असलं काहीबाही बोलतातच. एकाने तिच्या नवऱ्याला अगदी गंभीरपणे सांगितलं होतं, की पावसात भिजत नेलेला ट्रान्सफॉर्मर जन्मभर कुरकुरतो. मिहोको बाळंतपणाआधी पाच वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होती. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असते तशी करंगळीएवढी काचेची कुपी, आतली हवा काढून टाकलेली, मध्ये तापणारी तार. तिचा आणि लेकराचा संबंध काय?

"का हो आजी? फुटते बिटते का?"

"फुटली असती तर बरं झालं असतं," आजी म्हणाल्या, आणि कानातलं यंत्र काढून रुमालाने पुसत बसल्या. यंत्र कानात नसलं की त्यांना काहीच ऐकू येत नसे. बोलणं संपवायची ती त्यांची रीत होती.

दुकान जेमतेम दोन तातामी चटयांएवढं. छतापर्यंत खोकी, खोक्यांत जुने व्हॉल्व्ह, बंद पडलेल्या रेडिओ केंद्रांतून, जहाजांवरून, मोडीत निघालेल्या प्रयोगशाळांतून गोळा केलेले. ओळखीच्या गिऱ्हाइकाला आजी तीन जोड्या घरी न्यायला देत. आठवडाभर ऐका, एक ठेवा, दोन परत आणा. व्हॉल्व्ह कागदावरचे आकडे बघून निवडता येत नाही, तो ज्याच्या त्याच्या घरात, ज्याच्या त्याच्या यंत्रात घालूनच ऐकावा लागतो, यावर त्या गल्लीत दुमत नव्हतं.

यंत्र तिच्या नवऱ्याचं, काझुनारीचं. रेकॉर्डच्या सुईतून निघणारा कणभर आवाज वाढवून पुढे पाठवणारा तो प्रीअँप त्याने लग्नाआधी स्वतः जोडला होता. हल्ली त्याच्या डाव्या बाजूने तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येऊ लागला होता, डाव्या-उजव्या व्हॉल्व्हची जोडी बदलायची वेळ आली होती. पण काझुनारीची बदली झाली होती नागोयाला. एक शनिवार सोडून तो घरी यायचा.

"तूच निवड," तो फोनवर म्हणाला. "माझे कान मीटिंगमध्ये पेंगून पेंगून गेले. तुझे तर मांजरीसारखे झालेत."

ते खरं होतं, पण त्यात गंमत नव्हती. इकुमी सात महिन्यांची होती. ती दीड महिन्याची असताना मिहोकोने वर्तमानपत्रात वाचलं होतं, की धडधाकट तान्ही मुलं कधीकधी झोपेतच श्वास घ्यायची थांबतात, आणि का थांबतात ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तेव्हापासून इकुमी झोपली की ती दर दहा मिनिटांनी आत जायची आणि तिच्या नाकाखाली बोट धरायची. आंघोळ तीन मिनिटांत, जेवण उभ्याने. नगरपालिकेने दिलेल्या आई-बाळाच्या नोंदवहीत प्रत्येक झोपेची वेळ तिने मिनिटासकट लिहून ठेवली होती. तपासणीला गेल्यावर डॉक्टर वही चाळत म्हणाले होते, "मुलगी उत्तम आहे. तुम्ही झोपा जरा."

इकुमी दुपारी एक ते अडीच झोपायची. तीच वेळ मिहोकोने ऐकण्यासाठी ठरवली. दर वेळी तीच चेलोची रेकॉर्ड, तीच बाजू, आवाजाची कळ घड्याळातल्या नऊवर. सरकत्या कागदी दारापलीकडे इकुमी, अलीकडे रॉकेलची शेगडी, तिच्यावर वाफाळणारी अॅल्युमिनियमची किटली, आणि मिहोको उशीवर मांडी घालून बसलेली, मांडीवर वही.

पहिली जोडी स्वच्छ होती, पण कोरडी, धुवून जास्त वेळ वाळत घातलेल्या कपड्यासारखी. दुसरी गोड होती आणि थोडी झोपाळू. तिने दोन्हींबद्दल दोन-दोन ओळी लिहिल्या.

तिसरी तिने रविवारी लावली. काचेच्या आत नारिंगी ठिपका उजळला, सुई टेकली, आणि खोलीच मोठी झाल्यासारखं तिला वाटलं. तारेवरून सरकणारी बोटं कळत होती. वाजवणाऱ्याने पहिला गज ओढण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. डाव्या बाजूने. मिहोकोने लिहायला पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. श्वास थांबला नव्हता. चेलोच्या खाली तो चालूच होता, लहान आणि भरभर. तिने घड्याळ लावून मोजला. मिनिटाला एकतीस. मोठं माणूस असा श्वास घेत नाही.

तिने सुई उचलली. संगीत थांबलं. श्वास चालू राहिला.

क्षणभराने तिला हसू आलं. स्वयंपाकघरातून चॉपस्टिक आणून तिने डाव्या व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारली. स्पीकर टणकन वाजला. तर असं होतं. काही व्हॉल्व्हच्या आतल्या तारा सैल असतात. खोलीतली बारीकशी थरथरही त्यांना जाणवते आणि अख्खा व्हॉल्व्ह कान होऊन बसतो. शौकीन लोक असा व्हॉल्व्ह हातात आला की चेहरा वाकडा करतात. तिने दार बोटभर सरकवलं. इकुमीची छाती स्पीकरच्या ठेक्यात वरखाली होत होती.

मिहोकोने रेकॉर्ड पाकिटात घातली. मग नुसती कळ बारावर नेली आणि ऐकत बसली. त्या दुपारी ती एकदाही आत गेली नाही. त्या दुपारी ती बसून जेवली.

सोमवारी स्पीकरमधून खोकल्याची ढास आली आणि निमिषभराने दारापलीकडे इकुमी खोकली. प्रतिध्वनी, मिहोकोला वाटलं. प्रतिध्वनी नंतर येतो, आधी येत नाही, हे तिच्या डोक्यात शिरायला भांडी घासून व्हावी लागली.

मंगळवारी ती सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊनच बसली. स्पीकरमध्ये इकुमी झोपेत कण्हली. एक, दोन, तीन, चार. मग आतून तेच कण्हणं, तसंच शेवटी वर चढणारं. बुधवारी हेच अंतर अर्धं मिनिट झालं. गुरुवारी स्पीकरमध्ये फोन वाजला. मिहोको उठून फोनजवळ गेली. फोन गप्प होता. ती त्याच्यापाशी उभी राहिली. चार मिनिटांनी तो वाजला. काझुनारी होता, शनिवारी येतोय, काय आणू विचारत होता.

"इतक्यात उचललास? फोनवर बसली होतीस की काय?"

"जवळच होते," ती म्हणाली.

शुक्रवारी भाजलेली रताळी विकणाऱ्या गाडीची लांबलचक हाळी तिने अर्धा तास आधी ऐकली. गॅलरीत जाऊन पाहिलं. खाली वसाहतीच्या इमारती रांगेने उभ्या, गाद्या उन्हात टाकलेल्या, रस्ता रिकामा. अर्ध्या तासाने गाडी कोपऱ्यावरून वळली.

दर दिवशी आठ पट. तिने वहीत आकडे एकाखाली एक लिहिले आणि शाळेतल्या सवयीने पुढचे तीनही लिहून टाकले. कारण तिला माहीत नव्हतं. कारण सापडलं नाही म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत, असं ती मुलांना शिकवायची.

भीती वाटायला हवी होती. पण शुक्रवारी दुपारी ती स्पीकरसमोर बसली होती तेव्हा तिच्या कानावर अर्ध्या तासानंतरचा श्वास पडत होता. एकतीस, तीस, एकतीस. म्हणजे येता अर्धा तास इकुमीला काहीही होणार नव्हतं. सात महिन्यांत एवढी खात्री तिला कुणी दिली नव्हती, डॉक्टरांनी नाही, काझुनारीने नाही. तिने टबात गरम पाणी भरलं आणि हनुवटीपर्यंत बुडून वीस मिनिटं पडून राहिली.

शनिवारी दीड वाजता तिला स्पीकरमध्ये किल्ली फिरल्याचा आवाज आला, छत्री आपटल्याचा, मग काझुनारीचा. "हुश्श, काय ही थंडी. उठली का माझी म्हातारी?" साडेपाचला किल्ली फिरली. मिहोको दाराच्या आत उभी होती. त्याने छत्री आपटली. त्याच्या तोंडातून शब्द बाहेर पडत असताना तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

"काय ग?"

"काही नाही. दमलास का?"

रात्रीचं जेवण व्हायच्या आतच त्याला व्हॉल्व्ह ऐकायचे होते. चेलो लागला. थोड्या वेळाने उठून त्यानेही चॉपस्टिक आणली. टण्.

"डावा बघ, देवळातल्या घंटेसारखा वाजतोय. आजी म्हातारी झाली. असला व्हॉल्व्ह फुकटसुद्धा कुणी नेणार नाही."

"आवाज चांगला आहे पण."

"आवाज चांगलाच आहे ग. पण तो अख्खं घर ऐकतोय." त्याने चॉपस्टिक तिच्यासमोर नाचवली. "पहिली जोडी ठेव. ही परत दे."

ती सांगणार होती. वाक्य जुळवतही होती. पण सांगितलं असतं तर त्याने ती जोडी तिथल्या तिथे काढली असती. काझुनारी नागोयाहून आणलेल्या मिठाईच्या वड्या सोडवायला लागला, इकुमीने त्याच्या चष्म्याला हात घातला, आणि ते राहून गेलं.

"आठवड्यात जाऊन देते," ती म्हणाली.

रविवारी संध्याकाळी तो परत गेला. तो आल्यापासून तिने रेकॉर्डशिवाय नुसता स्पीकर ऐकला नव्हता. तो घरात होता तोवर ती पुन्हा दर दहा मिनिटांनी आत जात होती आणि काझुनारी पुन्हा म्हणत होता, "अग, बस ना जरा."

सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी इकुमी झोपली. मिहोकोने दार सरकवलं, शेगडीची वात कमी केली, कळ बारावर नेली.

श्वास होता. तिने खांदे सैल सोडले. वहीतल्या आकड्यांप्रमाणे हा श्वास जवळजवळ अकरा दिवसांनंतरचा होता. पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, पुढेमागे एखादा दिवस. अकरा दिवस. तेवढ्यात तर तिला माहेरी जाऊन येता आलं असतं.

श्वास आज सावकाश होता. अठ्ठावीस.

लांब कुठेतरी बारीक घंटा वाजू लागली, टिंग टिंग टिंग टिंग, आणि थांबली.

सव्वीस. किटलीची शिट्टी वाजायला लागली. कुणी तिला उतरवलं नाही.

बावीस.

मिहोको पुढे सरकली. स्पीकरच्या कापडाला तिचा कान टेकला. कापडाला धुळीचा वास होता.

एक श्वास आत गेला.

ती तो बाहेर यायची वाट बघत राहिली.

किटली शिट्टी वाजवत होती.

मग पावलं. चटईवरची, अनवाणी, आधी सावकाश. दार सरकलं. पावलं थांबली.

"ऊठ," बाईचा आवाज आला. "ऊठ बघू. ऊठ. डोळे उघड."

आणि पुन्हा तेच, तिच्याच पण फाटलेल्या आवाजात.

मिहोकोने कळ बंद केली.

आत इकुमी झोपली होती. गाल लाल, मूठ कानाशी. मिहोकोने तिला उचललं आणि ती जागी होऊन किंचाळेपर्यंत छातीशी दाबून धरलं. तो आवाज आपला होता का, हे तिला ठरवता येईना. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकला की कुणालाच ओळखू येत नाही, हे ती दर वर्षी सातवीच्या वर्गाला टेप लावून दाखवायची. मुलं खूप हसायची.

मंगळवारी इकुमीला पाठीशी बांधून ती निप्पोनबाशीला गेली. जोडी फोडायचं तिच्या मनात आलं होतं. हातोडी हातातही घेतली होती. पण फोडली तर जे ऐकलं ते कायमचं ठरून जाईल, असं काहीतरी तिला वाटलं, आणि एवढ्या वर्षांत शिकलेलं कुठलंही विज्ञान त्या वाटण्याच्या आड आलं नाही. जोडी घरातून गेली पाहिजे. बस.

आजींनी तपकिरी खोकं हातात घेतलं. "काय बिघडलं?"

"काही नाही. आवाज फार चांगला आहे."

आजी तिच्याकडे बघत राहिल्या. मग कानामागची पेन्सिल काढून त्यांनी खोक्याच्या झाकणावर आतल्या बाजूला एक छोटी रेघ ओढली. तिथे आधीच सहा होत्या.

"सगळे हेच सांगतात," आजी म्हणाल्या. "अगदी हेच शब्द. मला तर ऐकू येत नाही, मी काय समजू?"

"मग विकता कशाला?"

"मी कुठे विकते ग? मी नको म्हणते. तुलाही म्हटलं होतं." त्यांनी खोकं फळीवर ठेवलं. "यात काय ऐकलंस?"

पाठीवर इकुमी हात हलवत होती, फळीवरच्या खोक्यांकडे झेपावत होती. तिने पहिल्या जोडीचे पैसे दिले आणि ती बाहेर पडली. रस्त्यावर येईपर्यंत ती जवळजवळ धावत होती.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी आठला ती इकुमीला घेऊन इस्पितळात गेली. दूध पीत नाही, असं खोटं सांगितलं. तपासलं, काही निघालं नाही. ती घरी न जाता तिथेच बाकावर बसून राहिली. दवाखाना बंद व्हायच्या वेळी घरी आली, रात्रभर दिवा लावून मुलीच्या छातीवर हात ठेवून बसली, शुक्रवारी परत गेली, दुसऱ्या डॉक्टरांना दुसरं काही सांगितलं. शुक्रवारी दुपारी इकुमी तिच्या मांडीवर झोपली. मिहोको मोजत राहिली. एकतीस. तीस. एकतीस. पावणेतीनला इकुमी उठली आणि समोरच्या आजोबांच्या काठीला बघून हसली.

शनिवारही गेला. काझुनारीला त्या शनिवारी कामामुळे येता आलं नाही.

रविवारी सकाळी मिहोकोला भूक लागली. कितीतरी दिवसांनी. तिने शेगडी पेटवली, किटली ठेवली आणि इकुमीला पालथं टाकून तिच्यासमोर बसली. पाणी उकळलं. चपट्या किटलीच्या तोंडातून वाफ गुपचूप वर गेली आणि खिडकीच्या काचेवर पसरली.

ती वाफेकडे बघत राहिली.

त्या घरातली किटली शिट्टी वाजवत होती. आणि घंटा. ती घंटा रेल्वे फाटकाची होती, गाडी यायच्या आधी वाजते तशी. मिहोकोच्या वसाहतीजवळून जाणारी गाडी खांबांवरून धावते. तिथे मैलभरात फाटक नाही.

व्हॉल्व्ह तिच्या घरातलं पुढचं ऐकत नव्हता. तो जिथे असणार होता, तिथलं ऐकत होता. आठवडाभर तो तिच्या घरात होता, एवढंच.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी ती शटरसमोर उभी होती.

"गेली," आजी म्हणाल्या. "तू दिलीस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"कोणी नेली?"

"होता एक तरुण. हसरा. मी विचारलं घरी लेकरू आहे का, तर म्हणाला हो, तीन महिन्यांचं. मी म्हटलं मग ही नको. तर म्हणतो कसा, का हो आजी, फुटते का?"

"त्याचं नाव? फोन?"

"इथे नाव कोण विचारतं, पोरी. येतात, ऐकतात."

"त्याने परत आणली नाही?"

"आणेल. सगळे आणतात." आजींनी फळीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिथे धुळीत चौकोनी डाग होता. "गेल्या बुधवारपर्यंत आणायला हवी होती त्याने. अजून आला नाही."

मिहोकोने दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली. गल्लीतल्या बाकीच्या अकरा दुकानांतही लावली. ओसाकाच्या आसपासची फाटकं तिने नकाशावर मोजायला घेतली आणि दोनशेच्या पुढे सोडून दिली. तो तरुण रेकॉर्ड ऐकणारा, म्हणजे शौकिनांचं मासिक वाचणारा असणार. त्या मासिकाच्या शेवटच्या पानावर वाचकांच्या सूचना येतात, जुने स्पीकर देणे आहे, अमुक सुई पाहिजे, अशा. मिहोकोने आपली सूचना तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली. चौथ्यांदा लिहिलेली संपादकांनी एक शब्द न कापता छापली:

"फेब्रुवारीत निप्पोनबाशीतून तपकिरी खोक्यातली जोडी नेलेल्या गृहस्थांस. झाकणाच्या आत पेन्सिलच्या सात रेघा आहेत. तुमच्या घरी तीन महिन्यांचं बाळ आहे, घराजवळ रेल्वेचं फाटक आहे आणि तुमची किटली शिट्टी वाजवते. हे मला कसं कळलं ते विचारू नका. मी जो दिवस मोजला होता तो होऊन गेला. पण मी फक्त सहा दिवसांच्या आकड्यांवरून मोजला होता, आणि एवढ्याशा आकड्यांवरून काढलेलं उत्तर चुकू शकतं. ते चुकलं असेल, तर अजून वेळ आहे. जे कोणी हे वाचत असतील आणि ज्यांना असं एखादं घर माहीत असेल, त्यांनी फोन करत बसू नये, उठून जावं. दुपारी जावं. बाळ झोपलंय, नंतर या, असं ते म्हणतील. ऐकू नका. आत जा आणि त्याला जागं करा. मग मला पत्राने फक्त इतकंच कळवा, की ते रडलं."